दारावरची थाप

मे २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले चाकरमानी मिळेल त्या वाहनाने, हातात पासाचा कागद घेऊन कोकणात उतरू लागले होते. चिपळूणच्या पुढे आमचे गाव. तिथे काकू एकटीच राहते. वय पंचाहत्तरच्या पुढे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही सोबतीला. तिचा धाकटा मुलगा परळहून बायकामुलांसह गावी आला आणि गावाने ठरवल्याप्रमाणे चौदा दिवस घरी न जाता मराठी शाळेच्या खोलीत राहिला. काकूने डबा करून शाळेच्या कठड्यावर ठेवायचा आणि लांबूनच नातवंडांना बघून मागे फिरायचे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. रोज सकाळी दहाच्या सुमारास मात्र एक बाई तोंडाला ओढणी बांधून शाळेच्या दारात उभी राही. एकेकाचे नाव घेऊन ताप आहे का, खोकला आहे का, हे विचारी आणि वहीत टिपून घेई. ती गावची आशा. परतताना ती काकूच्या दारावर थाप मारी. ‘‘काकी, गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’’ त्या दोन महिन्यांत काकूच्या गोळ्या एकदाही चुकल्या नाहीत.

हे सगळे काकू मला फोनवर सांगत असे. मी बोरिवलीत चौथ्या मजल्यावर कोंडलेला. एकदा तिने अगदी सहज विचारले, ‘‘आमच्याकडे ही येते. तुमच्या मुंबईत तुझ्या दारावर कोण येतो रे?’’ मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. साथ ओसरली, मुखपट्ट्या कपाटात गेल्या, तरी तो अधूनमधून डोके वर काढतोच. कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. महासाथीच्या तडाख्यात कुठला देश उभा राहतो आणि कुठला कोलमडतो, याचे बरेचसे उत्तर त्या साध्या प्रश्नात दडलेले आहे.

आमच्या गावच्या शाळेत हे घडण्याच्या दोन महिने आधी, मुंबईपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर, थायलंडच्या हजारो खेड्यांत जवळजवळ हेच चित्र दिसत होते. २२ मार्च २०२० पासून बँकॉकमधली दुकाने, उपाहारगृहे बंद झाली आणि तिथे पोटासाठी आलेले कामगार बस भरभरून आपापल्या गावी निघाले. आपल्याकडे चाकरमान्यांना गणपतीची ओढ, तशी त्यांना एप्रिलमधल्या सोंगक्रान या नववर्षाच्या सणाची. सरकारने त्या वर्षीची सणाची सुट्टीच पुढे ढकलली. पण गेले ते गेलेच होते. गावी पोचलेल्या प्रत्येकाच्या दारावर दुसऱ्या दिवशी थाप पडली. दारात शेजारचीच एखादी बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात तापमापक आणि वही. कोण आले, कुठून आले, घरात म्हातारे कोण, चौदा दिवस वेगळे झोपायला खोली आहे का, हे सगळे ती लिहून घेत होती. तिथे या लोकांना ‘ओ-सो-मो’ म्हणतात. ग्रामीण आरोग्य स्वयंसेवक या थाई शब्दांची ही आद्याक्षरे. सुमारे सात कोटी लोकसंख्येच्या देशात असे दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आहेत. त्यांनी त्या मार्च-एप्रिलमध्ये एक कोटीहून अधिक घरांची दारे ठोठावली.

चीनबाहेर या आजाराचा पहिला रुग्ण अधिकृतपणे नोंदला गेला तो थायलंडमध्येच, १३ जानेवारी २०२० रोजी. वूहानहून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावर तपासणी त्यांनी ३ जानेवारीलाच सुरू केली होती. चीनमधून लाखो पर्यटक येणारा हा देश. साथीने पहिला घास याचाच घ्यायला हवा होता. प्रत्यक्षात २०२० हे वर्ष संपले तेव्हा तिथल्या नोंदलेल्या मृत्यूंची संख्या साठच्या घरात होती. साठ हजार नव्हे, साठ.

तग धरणे म्हणजे काय?

ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे साथ सुरू होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १९५ देशांची एक यादी प्रसिद्ध झाली होती. साथीला तोंड द्यायला कोण किती सज्ज आहे, याचे गुण तिच्यात दिले होते. पहिला क्रमांक अमेरिकेचा, दुसरा ब्रिटनचा. थायलंड सहावा होता आणि भारत सत्तावन्नावा. पुढे अमेरिकेत दहा लाखांहून अधिक आणि ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक माणसे या आजाराने दगावली. प्रयोगशाळा, तज्ज्ञ, कायदे, पैसा या सगळ्यांत पहिले असलेले देश असे का घसरले, यावर बरेच लिहिले गेले आहे. त्यातली एक गोष्ट सामान्य वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यादीत यंत्रे मोजता येतात, खाटा मोजता येतात. पण दार ठोठावणाऱ्या माणसाला घरातली बाई आत घेते की दार लोटून देते, हे मोजायची पट्टी अजून निघालेली नाही.

आरोग्ययंत्रणेने तग धरला असे आपण केव्हा म्हणायचे? पहिली कसोटी उघड आहे. साथीचे रुग्ण लवकर सापडावेत, त्यांना खाट मिळावी, डॉक्टर-परिचारिका स्वतः जगाव्यात. दुसरी कसोटी मात्र आपण विसरतो. साथीच्या धामधुमीतही बाळंतपणे व्हावीत, बाळांना लस मिळावी, क्षयाच्या रुग्णाची गोळी आणि मधुमेह्याचे इन्शुलिन चुकू नये. महासाथ चालू आहे म्हणून बाकीचे आजार रजेवर जात नाहीत.

या दुसऱ्या कसोटीचे आकडे बोलके आहेत. भारतात २०१९ साली क्षयाच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८ लाखांवर आली. सहा लाख माणसांचा क्षय काही एका वर्षात बरा झाला नव्हता. तो फक्त कुणाला दिसला नाही. खोकला घरातच राहिला आणि घरातल्यांना वाटला गेला. २०२१ साली जगभरात अडीच कोटी मुलांचा त्रिगुणी लशीचा किमान एक डोस चुकला. मुंबईकरांना २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली गोवंडीतली गोवराची साथ आठवत असेल. लस चुकलेली लहान मुले त्यात दगावली. २०२० आणि २०२१ मध्ये दारावर जी थाप पडायला हवी होती ती पडली नाही, आणि तिची वसुली गोवराने २०२२ मध्ये केली.

थायलंडच्या खेड्यांत या काळात काय झाले? तेच स्वयंसेवक जुनाट आजारांच्या रुग्णांची औषधे रुग्णालयातून आणून घरोघर पोचवत होते. काही औषधे टपालाने येत होती. नेहमीच्या रुग्णांनी रुग्णालयात गर्दी केली नाही, तरी त्यांची गोळी थांबली नाही. आमच्या काकूला जे एका आशेच्या भलेपणामुळे मिळाले, ते तिथे देशाच्या व्यवस्थेचा भाग होते.

शांततेच्या काळातली पेरणी

हे एका रात्रीत उभे राहिलेले नाही. विहीर पावसाळ्यापूर्वी खणावी लागते, आग लागल्यावर नव्हे. थायलंडने ती चार दशके खणली.

सत्तरीच्या दशकात त्या देशाची स्थिती आपल्यासारखीच होती. डॉक्टर बँकॉकमध्ये, आजार खेड्यात. शिकलेले डॉक्टर अमेरिकेला जात. सरकारने वैद्यकीय पदवीधरांना तीन वर्षांची ग्रामीण सेवा सक्तीची केली. १९७७ मध्ये गावोगावच्या लोकांतून आरोग्य स्वयंसेवक निवडायला सुरुवात झाली. १९८० मध्ये साथीचा माग काढणारे डॉक्टर तयार करण्याचा खास अभ्यासक्रम सुरू झाला. ऐंशीच्या दशकात तर त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा भांडवली खर्च काही वर्षे रोखून धरला आणि तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांकडे वळवला. राजधानीतल्या चकचकीत इमारतीची फीत कापण्याचा मोह कुठल्या मंत्र्याला सुटत नाही! पण तो त्यांनी आवरला. आज तिथे तालुका पातळीवरची सातशेहून अधिक रुग्णालये आणि त्यांच्याखाली जवळजवळ दहा हजार लहान आरोग्य केंद्रे आहेत.

२००२ साली त्यांनी सर्वांसाठी आरोग्य विमा आणला. कुठलाही आजार असो, रुग्णाने द्यायचे फक्त ३० बाथ. त्यामुळे ती योजना ‘तीस बाथवाली’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. साथीच्या काळात याचा फायदा कसा होतो ते पाहा. ज्याला बिलाची भीती आहे तो ताप अंगावर काढतो आणि घरभर पसरवतो. ज्याला ती भीती नाही तो पहिल्या दिवशी केंद्रावर जातो.

तालीमही झाली होती. २००४ साली थायलंडमध्ये बर्ड फ्लूची साथ आली. कोंबड्या मरू लागल्या, त्यांच्यापासून माणसांना लागण झाली आणि काही दगावली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये याच लाखो स्वयंसेवकांनी घराघरांत जाऊन मेलेल्या कोंबड्यांची आणि तापाच्या रुग्णांची नोंद केली. एरवीही पावसाळ्यात दारोदार फिरून पाण्याच्या रांजणात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या आहेत का हे पाहणे, हे त्यांचे नेहमीचे काम. म्हणजे मार्च २०२० मध्ये दारावर थाप पडली तेव्हा घरातल्या बाईने ‘‘तुम्ही कोण?’’ असे विचारले नाही. जी बाई दर महिन्याला रांजणात डोकावते, तीच आज तापमापक घेऊन आली होती. विश्वास असा अळ्या शोधता शोधता तयार होतो. तो साथीच्या दिवसांत जाहिरात देऊन मिळत नाही.

ब्रिटनचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. तिथे ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्लूच्या कल्पित महासाथीची मोठी सरकारी तालीम झाली. यंत्रणा या ताणाला पुरी पडणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. पण अहवाल गोपनीय राहिला आणि त्यातल्या कितीतरी सूचना कागदावरच राहिल्या. एक तालीम दारोदार झाली, दुसरी सभागृहात. फरक पडला तो त्यामुळे.

एकच साल, दोन वाटा

वर १९७७ सालाचा उल्लेख आला. ते वाचून जुन्या वाचकांना काही आठवले का? २ ऑक्टोबर १९७७ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, जनता सरकारने भारतातही अशीच योजना सुरू केली होती. दर हजार लोकवस्तीमागे गावातलाच एक जनस्वास्थ्य रक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, किरकोळ औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये मानधन. राजनारायण तेव्हा आरोग्यमंत्री होते. दोन वर्षांपूर्वी श्रीवास्तव समितीने अशा कार्यकर्त्यांची शिफारस केली होती.

आणि समितीला तरी ही कल्पना परकी कुठे होती? तिचे एक माहेर आपल्याच महाराष्ट्रात होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जामखेडला गेले. गावातल्या गरीब, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्याच हाती गावाचे आरोग्य सोपवले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने आपल्या दुष्काळी तालुक्यातून धडा घेतला. आपण मात्र पुरस्काराच्या बातमीचे कात्रण ठेवले.

१९७७ ची आपली योजना का सुकली? निवड पुष्कळ ठिकाणी गावातल्या वजनदारांच्या मर्जीने झाली. नेमले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत ते काय जाणार? डॉक्टरांच्या संघटनांना हे ‘अर्धे डॉक्टर’ नको होते. सरकारे बदलली तशी योजनेची नावेही बदलली. आधी रक्षक, मग स्वयंसेवक, मग मार्गदर्शक. पगारपत्रकाबाहेरच्या या माणसांचा पाठीराखा कुणी नव्हता. नव्वदीच्या दशकापर्यंत योजना नावापुरती उरली होती. अखेर २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहिलो. मधल्या काळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत करून घरच्या घरी नवजात बाळे वाचवता येतात हे सिद्ध केले. १९९९ मध्ये त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ते काम देशभरातल्या आशांकडे आले.

थायलंडमध्ये या काळात सरकारे कमी का बदलली? तीन वेळा, १९९१, २००६ आणि २०१४ मध्ये, तिथे लष्कराने सत्ता घेतली. पण कुठल्याही सरकारने स्वयंसेवकांना हात लावला नाही. उलट, सुरुवातीला विनामोबदला काम करणाऱ्या या लोकांना २००९ पासून महिना ६०० बाथ मिळू लागले आणि पुढे ते वाढत गेले. अर्थात तिथेही सगळे गोड नाही. निवडणुकीत मते गोळा करायला हे स्वयंसेवक वापरले जातात, अशी टीका होते. बहुतेकजण वयस्क झाले आहेत. तरुण शहरात जातात. पण एकेका स्वयंसेवकाकडे दहा-पंधरा घरे असतात. आपल्या आशेकडे हजार माणसे, म्हणजे दोनेकशे घरे. दहा लाख स्वयंसेवक सात कोटींना आणि दहा लाख आशा एकशेचाळीस कोटींना, एवढा हा फरक आहे.

बँकॉकचे बंद दार

इथेच लेख संपवला असता तर तो एका आदर्श देशाची गोड गोष्ट झाला असता. पण गोष्टीचा खरा धडा पुढे आहे.

डिसेंबर २०२० मध्ये बँकॉकशेजारच्या समुत साखोन इथे कोळंबीच्या बाजारात साथ उफाळली. तिथे काम करणारे हजारो मजूर म्यानमारमधले, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे, पुष्कळसे कागदोपत्री नसलेले. यंत्रणेची पहिली चीर दिसली ती यंत्रणेच्या वहीत ज्यांचे नाव नव्हते तिथे. एप्रिल २०२१ मध्ये बँकॉकच्या रात्रक्लबांतून पुढची लाट निघाली, मग डेल्टा विषाणू आला आणि जुलै-ऑगस्टमध्ये देशातली रुग्णसंख्या दिवसाला वीस हजारांवर गेली. लशीही उशिरा पोचत होत्या. आदल्या वर्षी साठ मृत्यूंवर थांबलेल्या देशात २०२१ अखेर एकूण मृत्यू एकवीस हजारांच्या वर गेले. बँकॉकच्या रस्त्यांवर माणसे मरून पडल्याची छायाचित्रे जगाने पाहिली.

तोच देश, तोच विमा, तेच डॉक्टर. मग राजधानीत काय बिनसले? बँकॉकमध्ये मोठी रुग्णालये भरपूर. पण ती कुणी विद्यापीठाची, कुणी लष्कराची, कुणी महापालिकेची, कुणी खासगी. खेड्यात आरोग्य मंत्रालयाचा जो एक धागा स्वयंसेवकापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत जातो, तो राजधानीत नाहीच. महापालिकेची आरोग्य केंद्रे अवघी ६९. स्वयंसेवक मोजके. शिवाय निम्मे शहर बाहेरगावचे. विम्याची नोंद गावाकडची, राहणे इथले. प्रत्येक बाधिताला रुग्णालयात ठेवण्याचा नियम आधी उपयोगी पडला होता, आता तोच गळ्याशी आला. चाचणीत सापडेल त्याला खाट देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर होती. खाटा संपल्या तेव्हा काही रुग्णालयांनी चाचण्याच थांबवल्या. माणसे घरात खाटेची वाट पाहत बसली आणि त्यांच्या दारावर कुणी आले नाही.

तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. जुलै २०२१ मध्ये खेड्यांतले डॉक्टर राजधानीच्या मदतीला धावले. ग्रामीण डॉक्टरांची संघटना तिथे सत्तरीच्या दशकापासून आहे. तिच्या हाकेवर उत्तरेकडून, ईशान्येकडून, अगदी दक्षिण टोकाजवळच्या सोंगखला प्रांतातल्या चना या लहान तालुक्याच्या रुग्णालयातूनही डॉक्टर-परिचारिकांची पथके गाड्या भरून बँकॉकमध्ये आली. झोपडपट्ट्यांतल्या देवळांच्या आवारात त्यांनी टेबले मांडली. झटपट चाचणी करायची, बाधित निघेल त्याला तिथल्या तिथे तेव्हाची औषधे द्यायची, घरीच वेगळे कसे राहायचे ते समजवायचे आणि त्याचे नाव कुणाच्या तरी वहीत लिहायचे, असे हे काम होते. खेड्यात जे ते वर्षानुवर्षे करत होते, तेच त्यांनी शहरात करून दाखवले. जुलै-ऑगस्टमध्ये ही पथके तीनदा आली. त्याच जुलैत खास रेल्वेगाडीने शंभरावर रुग्णांना बँकॉकजवळून ईशान्येकडच्या त्यांच्या गावांकडे नेण्यात आले. कारण उपचार राजधानीत नव्हता, गावी होता!

एरवी आजारी माणूस खेड्यातून शहरात नेला जातो. इथे गाडी उलट दिशेने धावली. यंत्रणेचे बळ काचेच्या इमारतीत असते की दारावर येणाऱ्या माणसात, या प्रश्नाचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

आपल्या दाराचे काय?

आता आपल्याकडे वळू. मुंबईने २०२० मध्ये पुष्कळ सोसले; तिची बँकॉकशी सरळ तुलना करणे योग्य नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला तेव्हा आता आगीत तेल पडणार असेच सर्वांना वाटले. तिथे महापालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता गल्लीगल्लीत तपासणी सुरू केली आणि वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतले. दहा-वीस वर्षे त्याच गल्लीत दवाखाना चालवणारा डॉक्टर, ज्याला रुग्णाच्या आजीचा दमाही ठाऊक, तो सांगतो तेव्हा माणूस विलगीकरणाला तयार होतो. धारावी सावरली आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी तिचा उल्लेख केला. पुढे शहराच्या चोवीस प्रभागांत नियंत्रण कक्ष उभे राहिले आणि खाट कुठे रिकामी आहे, हे एका फोनवर कळू लागले. थोडक्यात, जिथे कुणीतरी दारापर्यंत गेले तिथे साथ आटोक्यात येऊ शकली.

पण दारापर्यंत जाणाऱ्यांना आपण कसे वागवले? जून २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेची धग अजून निवलेली नसताना, महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. रुग्ण शोधायचे, गृहभेटी द्यायच्या, लसीकरणाला माणसे न्यायची आणि हातात पडणार ते कामागणिक मोजलेले तुटपुंजे पैसे. संपानंतर थोडी वाढ मिळाली. पुढच्याच वर्षी, २२ मे २०२२ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. जामखेडच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले. जगाने पाठ थोपटली आणि आपण कात्रण कापून ठेवले.

साथ संपली की विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे. तो वाईटच आहे असे नाही. विसरल्याशिवाय जगता येत नाही. पण शासनाने विसरून चालत नाही आणि शासनाला आठवण करून देण्याचे काम आपल्याशिवाय दुसरे कोण करणार? नवे रुग्णालय मागायला मोर्चा निघतो, आपण सहीही करतो. आपल्या प्रभागातली परिचारिकेची जागा किती महिने रिकामी आहे, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. आशेचे मानधन थकले तर तिच्यासाठी गाव रस्त्यावर येत नाही. पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा जी माणसे आपल्याला वाचवतील, त्यांची भरती, त्यांचा पगार आणि त्यांची आपल्याशी ओळख, हे सगळे आजच्या निवांत दिवसांतच व्हायचे आहे.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. आरतीनंतर ओटीवर बसलो असताना ती आशा आली, मोदक घेऊन गेली, जाताना काकूच्या पायाची सूज दाबून बघून गेली. मोदक खाऊ नका असे बजावायलाही विसरली नाही. ती गेल्यावर काकूने पुन्हा तोच प्रश्न विचारला, ‘‘मग, तुमच्याकडे येतो का आता कोण?’’

मी नाही म्हटले. आमच्या इमारतीत पाणी तपासायला माणूस येतो, विजेचे मीटर बघायला येतो, मत मागायला तर पाच-सहाजण येतात. चौथ्या मजल्यावर माझ्या शेजारी एक आजोबा एकटे राहतात. त्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे या एवढ्या मोठ्या शहरात कुणाच्याही वहीत लिहिलेले नाही. परतल्यावर मी एवढेच केले की त्यांच्या दारावर थाप मारली आणि विचारले. सरकारने करायचे काम मी केले असे म्हणण्याचा माझा दावा नाही. पण दार उघडल्यावर त्यांचा चेहरा पाहिला आणि काकू इतकी वर्षे काय विचारत होती ते कळले.